वाचकांचे प्रश्न : मुलांच्या जलरंगातले उष्ण आणि शीत रंग

रंगपंचमीच्या अंकात आम्ही मुलांसाठी उष्ण आणि शीत रंगांवर एक पान दिलं होतं. त्यावर इंदुरातल्या पालकांची आणि छंदवर्ग घेणाऱ्यांची बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. लाल, केशरी, पिवळा हे उष्ण रंग आणि निळा, हिरवा, जांभळा हे शीत रंग, हे तिला तोंडपाठ आहे. पण जलरंग घेऊन बसली की पाच मिनिटांत सगळं चित्र चिखलाच्या रंगाचं होतं. घरात १२ ट्यूबची पेटी आहे, ब्रशही बरा आहे. चुकतंय कुठे?
— एक आई, राजेंद्रनगर

उत्तर : पाठांतरात एक गोष्ट राहून गेली आहे. पेटीतला कुठलाच लाल निव्वळ लाल नसतो आणि कुठलाच निळा निव्वळ निळा नसतो. प्रत्येक ट्यूबला शेजारच्या एखाद्या रंगाकडे ओढा असतो. स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन केशरीकडे झुकतो, क्रिमसन जांभळ्याकडे. लेमन यलो हिरवट असतो, क्रोम यलो केशरट. प्रशियन ब्लूचा ओढा हिरव्याकडे, अल्ट्रामरीनचा जांभळ्याकडे. उष्ण-शीत शिकवायचं ते इथून.

मुलीने जांभळा करायला स्कार्लेट आणि प्रशियन ब्लू घेतले असतील, तर स्कार्लेटच्या पोटात थोडा पिवळा आहे आणि प्रशियनच्या पोटातही आहे. म्हणजे लाल, निळा आणि पिवळा असे तिघंही एका थेंबात आले. हे तिघं एकत्र आले की एकमेकांना विझवतात आणि मागे तपकिरी-राखाडी उरतो. तोच जांभळा क्रिमसन आणि अल्ट्रामरीनने करून पाहा, पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा स्वच्छ उतरतो. हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि प्रशियन मिळून कोवळ्या भातासारखा हिरवा होतो, क्रोम यलो आणि अल्ट्रामरीन मिळून मळकट शेवाळी. केशरीसाठी स्कार्लेट आणि क्रोम यलो. क्रिमसन आणि लेमन यलोचा केशरी विटकरीकडे जातो.

हे सांगून पटत नाही, करून पटतं. कागदावर वरचे सहा रंग चण्याच्या दाण्याएवढे गोल लावा, एकमेकांपासून दोन बोटं अंतर ठेवून. मग मुलीला विचारा, या दोन लालांतला कोणता कुंकवासारखा आणि कोणता डाळिंबाच्या दाण्यासारखा? या दोन पिवळ्यांतला लिंबू कोणता आणि हळद कोणती? सात वर्षांचं मूल हे चटकन ओळखतं. ओळख पटली की मिश्रणं करायची, एका वेळी दोनच रंगांची. तिसरा रंग मिसळायचा नाही, एवढा नियम दुसरीतल्या मुलासाठी पुरे.

मिश्रण करताना फिक्या रंगात गडद रंग घालायचा, उलट नाही. प्रशियन ब्लू फार जोरकस असतो. पिवळ्याच्या थेंबाला ब्रशच्या टोकाने त्याचा नुसता स्पर्श करायचा. आधी निळा घेतला तर त्याला हिरवा करता करता अर्धी ट्यूब पिवळा संपतो.

चिखलाची बाकीची कारणं साधी आहेत. पाण्याचं भांडं एकच असणं हे पहिलं. दोन ठेवा, एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगासाठी घ्यायचं. धुवायचं पाणी चहासारखं दिसलं की बदला. दुसरं, ब्रश धुतला तरी पोटात मळकं पाणी धरून ठेवतो, म्हणून जुन्या सुती कापडावर तो टिपायची सवय लावा. तिसरं कारण मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. ओल्या केशरीला ओला निळा टेकला की दोन्ही एकमेकांत धावतात, आणि केशरी-निळा ही जोडी मिसळली की राखाडीच होते. त्या दोघांमध्ये आगकाडीच्या जाडीएवढी कोरी फट सोडा, किंवा पहिला रंग वाळू द्या. वाळला का ते बोटाच्या टोकाने पाहू नका, डाग पडतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावा. कागद गार लागला तर आत अजून ओल आहे.

मोठी चित्रकार मंडळीसुद्धा 'अल्ट्रामरीन उष्ण निळा की प्रशियन' यावर एकमत होत नाहीत, कारण एक लालाच्या बाजूला झुकतो आणि दुसरा पिवळ्याच्या. म्हणून मुलांपुढे 'उष्ण निळा' हा शब्द न आणता 'जांभळ्याकडे झुकलेला निळा' आणि 'हिरव्याकडे झुकलेला निळा' असंच म्हणावं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे. त्याने विचारलं, 'आजोबा, गॅसची निळी ज्योत पिवळ्या ज्योतीपेक्षा जास्त गरम असते, मग निळा रंग थंड कसा?' मला उत्तर देता आलं नाही.
— एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर : नातवाचं म्हणणं बरोबर आहे आणि ते त्याला तसंच सांगा. शेगडीची ज्योत पिवळी दिसते ती न जळलेल्या काजळीच्या तापलेल्या कणांमुळे. गॅसला हवा पुरेशी मिळाली की काजळी होत नाही, ज्योत निळी होते आणि जास्त तापते. आकाशातही असंच आहे. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी हा तारा सुमारे ३,५०० केल्विन तापमानाचा आहे आणि निळसर राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा.

चित्रकलेतला उष्ण-शीत हा शब्द थर्मामीटरचा नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चूल, निखारा आणि ऊन तांबड्या-पिवळ्या रंगात पाहिलं, खोल पाणी, सावली आणि पहाट निळसर पाहिली. त्या आठवणीतून हे शब्द आले. विजेच्या दुकानात एलईडी बल्बच्या खोक्यावर नातवाला हा गोंधळ छापलेलाच दिसेल. पिवळसर उजेडाच्या बल्बला वॉर्म म्हणतात आणि त्यावर २,७०० किंवा ३,००० केल्विन लिहिलेलं असतं. निळसर पांढऱ्या बल्बला कूल म्हणतात आणि आकडा असतो ६,५००. आकडा तापमानाचा, शब्द माणसाच्या मनाचा.

खोकं हातात आहेच तर आणखी एक सांगतो. मुलं संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली रंगवत असतील तर निळे रंग मळलेले दिसतात आणि पिवळे कागदात हरवतात. मग मूल पिवळा जास्त थापतं आणि सकाळी चित्र भडक दिसतं. दिवसा खिडकीपाशी बसवा, तिरीप थेट कागदावर येणार नाही असं. रात्रीच बसायचं असेल तर ६,५०० चा बल्ब लावा.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत मी ८ ते १० वर्षांच्या १२ मुलांचा चार दिवसांचा वर्ग घेणार आहे, रोज दीड तास. विषय उष्ण आणि शीत रंग हाच. सामान किती आणावं आणि चार दिवस कसे वाटावे?
— एक शिक्षिका, सुदामानगर

उत्तर : आधी कागद. वर्ग फसतो तो बहुतेक वेळा कागदावर. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो, पाणी लागताच पापडासारखा वळतो. जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद घ्या. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो, त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येकी ११ × साडेसात इंचांचा तुकडा मिळतो. १२ मुलं, रोज दोन तुकडे, चार दिवस म्हणजे ९६ तुकडे, म्हणजे १२ ताव. एक ताव वरकड ठेवा. मिश्रणाच्या सरावाला १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद चालतो, तो वेगळा घ्या. स्वस्त हातकागद घेणार असाल तर आधी त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. मिनिटभर थेंब उभा राहिला तर कागदाला सरस नीट लावलेला आहे. लगेच शोषला गेला तर तो टीपकागदासारखा वागणार, रंग पसरवताच येणार नाही.

रंग सहाच: लेमन यलो, क्रोम यलो, स्कार्लेट, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. एका मुलाला एका दिवशी प्रत्येक रंग चण्याएवढा, म्हणजे पाव मिलिच्या आसपास. चार दिवस रोज नव्याने पिळला तरी १२ मुलांना एका रंगाचे १२ मिलि लागतात. ५ मिलिच्या तीन-तीन ट्यूब पुरतात, तीन मिलि उरतातही. पॅलेटवर वाळलेला रंग फेकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन थेंब पाणी टाकून पाच मिनिटं थांबलं की तो परत उठतो. पांढरी आणि काळी ट्यूब पहिले तीन दिवस कपाटात ठेवा. पांढरा मिसळला की रंग खडूसारखा आणि थंडगार होतो, मुलाला मात्र वाटतं की आपण तो नुसता फिका केला. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद आणि फिका म्हणजे जास्त पाणी.

ब्रश गोल, ८ नंबरचा एक आणि ४ नंबरचा एक. नवा ब्रश पाण्यात बुडवून झटकल्यावर टोक जुळलं पाहिजे. मोठ्या ब्रशशिवाय पाण्याचा पोत कळत नाही. मुलांना छोटाच ब्रश दिला तर ती रंगीत पेन्सिलीसारखी घासत बसतात. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पुठ्ठ्याखाली एका कडेला वही सरकवून थोडा उतार द्या.

पहिला दिवस नुसत्या ओळखीचा. राजेंद्रनगरच्या उत्तरात दिलेले सहा गोल आणि नंतर जोड्यांची मिश्रणं. मुलांनी प्रत्येक मिश्रणाखाली पेन्सिलीने दोन्ही रंगांची नावं लिहावीत. हा तक्ता चारही दिवस समोर ठेवायचा आहे. मुलं लगेच चित्र काढायला उतावीळ होतात, पण या दिवशी काढू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी उष्ण रंगांचं चित्र. विषय म्हणून आपल्या गावची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, उत्तम. रंगपंचमीला राजवाड्यासमोर उडणारा गुलाल मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. यात पेन्सिलीने फक्त राजवाड्याची बाह्यरेषा, अगदी हलकी: खाली तीन दगडी मजले, वर चार लाकडी. माणसं काढायची नाहीत, गर्दी ब्रशच्या ठिपक्यांनी येते. मग स्वच्छ पाण्याने आकाशाचा भाग ओला करायचा, कागदाची चकाकी जराशी मंदावली की क्रोम यलो सोडायचा आणि त्यात जागोजागी स्कार्लेटचे थेंब. रंग आपोआप धावतो, तोच गुलाल. याला ओल्यावर ओला म्हणतात. चण्याएवढ्या रंगात चहाचे दोन चमचे पाणी घातलं तर अर्ध्या पानाला पुरेल एवढा फिका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, होतो, एक चमचा घातलं तर भरदार. वॉश आधीच पुरेसा कालवून ठेवायला सांगा, मध्येच संपला तर जोड दिसतोच.

इथे नेमकं काय बिघडतं ते पाहून ठेवा. पहिला थर अर्धवट वाळलेला असताना मूल पुन्हा पाणीदार ब्रश टेकवतं. नवं पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटते. ती घासून काढायला गेलं की कागदाचे रोवे निघतात. त्यामुळे एकच नियम, चमकतोय तोवर रंग घालायचा आणि चमक गेली की हात काढून घ्यायचा, पूर्ण वाळेपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत पंख्याखाली वॉश दोन-तीन मिनिटांतच वाळायला लागतो. वॉश चालू असताना पंखा बंद ठेवा, थर वाळवायचा असेल तेव्हा लावा.

तिसरा दिवस शीत रंगांचा. विषय, पहाटेचा सिरपूर तलाव. अल्ट्रामरीन, प्रशियन, त्यांच्यात लेमन यलोचा स्पर्श करून केलेला निळसर हिरवा, आणि क्रिमसन-अल्ट्रामरीनचा जांभळट. वरून खाली आकाश फिकं होत जातं, पाण्यात तेच उलटं. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर रवाळ दिसतात. मुलांना हा डाग वाटतो. बिघडलं नाही, हा त्या रंगाचा स्वभाव आहे, हे वर्ग सुरू होण्याआधीच सांगा. जाता जाता एक गोष्ट त्यांना आवडेल. पांढऱ्या कपड्यांना घालायची निळेची पूड म्हणजे अल्ट्रामरीनच. कपड्याचा पिवळटपणा निळ्याने मारायचा, ही आजीची युक्ती हे रंगांच्या जोड्यांचंच गणित आहे.

चौथ्या दिवशी दोन्ही रंग एकत्र, आणि खरा धडा या दिवशी आहे. दोन्ही निम्मे-निम्मे घातले तर चित्रात नजर कुठेच टिकत नाही. रात्रीचा सराफा बाजार घ्या: तीन भाग निळसर अंधार, एक भाग खाऊच्या गाड्यांवरचे दिवे. दिव्यांच्या जागा आधी क्रोम यलोने भरा आणि पूर्ण वाळू द्या. भोवतीने अल्ट्रामरीनचा वॉश आणा, दिव्याला न टेकता. मुलं दिवे मोठे-मोठे करत सुटतात. अकरा इंचांच्या कागदावर पाच-सहा ठिपके पुरतात, करंगळीच्या नखाएवढे. अंधार जितका शांत, तितका तो ठिपका पेटतो. वेळ उरला तर दुसऱ्या तुकड्यावर प्रमाण उलटं करून बघा, तीन भाग उष्ण आणि मध्ये एकच निळी छत्री. दोन्ही चित्रं भिंतीवर शेजारी-शेजारी लावून दहा पावलं मागे जायचं.

प्रश्न : हिरवा आणि जांभळा नेमके कुठे मोडतात? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.
— एक पालक, रामबाग

उत्तर : हे दोन्ही कुंपणावरचे रंग आहेत. शेजारी कोण आहे त्यावर ते ठरतं. पिवळट हिरव्याशेजारी केशरी ठेवा, हिरवा थंड वाटेल. त्याच्याच शेजारी प्रशियन ब्लू ठेवा, तो उबदार वाटेल. जांभळा क्रिमसनकडे झुकला तर उष्ण, अल्ट्रामरीनकडे झुकला तर शीत.

मुलांना हे दाखवायला राखाडी कागद लागतो. १० सेंमीचे दोन चौकोन रंगवा, एक भरदार केशरी, दुसरा भरदार निळा. वाळल्यावर एकाच राखाडी कागदाचे २ सेंमीचे दोन तुकडे कापून दोन्ही चौकोनांच्या मधोमध चिकटवा. केशरीवरचा राखाडी निळसर वाटतो, निळ्यावरचा पिवळट. मुलं 'दोन वेगळे कागद आहेत' म्हणून हटून बसतात, मग उरलेली राखाडी पट्टी दोन्हींवर आडवी धरून दाखवा. फ्रान्समधल्या गोबेलिन्स गालिचा कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरुल यांनी रंगलेल्या सुतांमधला हाच परिणाम तपासला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. तक्रार सुताच्या रंगाची होती, दोष निघाला शेजारच्या रंगाचा.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा. पाताळपाणीला जाऊन आल्यावर त्याने डोंगर काढले, सगळे गडद हिरवे. चित्र भिंतीसारखं सपाट दिसतं. सावल्याही तो काळ्या ट्यूबनेच रंगवतो.
— एक वडील, टिळकनगर

उत्तर : डोंगर हिरवे आहेत हे त्याला माहीत आहे, म्हणून तो हिरवे रंगवतो. डोळ्याला मात्र दूरचे डोंगर हिरवे दिसत नाहीत. मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते. हवेचा थर जितका जाड, तितका डोंगर निळसर आणि फिका. शिवाय उष्ण रंग पुढे आल्यासारखे भासतात आणि शीत रंग मागे सरकल्यासारखे. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात.

डोंगरांच्या तीन रांगा काढायला सांगा आणि मागून पुढे या. सगळ्यात मागची रांग अल्ट्रामरीनमध्ये क्रिमसनचा जरासा स्पर्श आणि भरपूर पाणी. ती पूर्ण वाळू द्या. मधल्या रांगेत प्रशियन आणि थोडा क्रोम यलो, पाणी मध्यम. पुढच्या रांगेत क्रोम यलो जास्त, अल्ट्रामरीन कमी आणि बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, टोक-स्पर्श, पाणी कमी. बहुतेक मुलं पुढून मागे रंगवतात, त्यामुळे मागचा फिका वॉश पुढच्या गडद कडेवर चढतो आणि कड मळते. हा नियम म्हणून पाठ करायला लावू नका. मावळतीला दूरचे डोंगरही तांबूस होतात, ते त्याने स्वतः पाहावं.

काळ्या ट्यूबला पर्याय आहे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. दोन्ही सम प्रमाणात आणि पाणी कमी घेतलं तर जवळजवळ काळा होतो. निळा वाढवला की शीत राखाडी, सिएना वाढवला की उष्ण राखाडी. असे पाच चौकोन ओळीने रंगवून त्याने आपली पट्टी तयार करावी. उघड्यावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पोचतो, म्हणून उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर दिसते.

पटत नसेल तर घरी एक प्रयोग करा, आम्हाला हा फार आवडतो. संध्याकाळी पूर्ण अंधार व्हायच्या आधी, खिडकीशेजारी टेबलावर पांढरा कागद ठेवा. त्यावर मातीच्या गोळ्यात पेन्सिल उभी रोवा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला २,७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावा. पेन्सिलीच्या दोन सावल्या पडतील. बल्बने पाडलेल्या सावलीत फक्त खिडकीचा उजेड पोचतो, ती निळी दिसते. खिडकीने पाडलेल्या सावलीत फक्त बल्बचा उजेड, ती केशरी. बल्ब फार जवळ असेल तर एकच सावली उठून दिसते, म्हणून दोन्ही सावल्या सारख्या गडद होईपर्यंत तो मागे-पुढे सरकवा. ही वेळ पंधरा-वीस मिनिटंच टिकते, सामान आधी मांडून ठेवा.

मुलगा आवडीने निसर्गचित्रं काढतो आहे तर त्याला चित्रकार बेंद्रे यांची चित्रं दाखवा. नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म १९१० मध्ये आपल्या इंदुरातच झाला, देवळालीकरांच्या हाताखाली ते इथेच शिकले आणि १९५० पासून बडोद्याला शिकवत होते. त्यांच्या एखाद्या निसर्गचित्राच्या छापील प्रतीवर बोट ठेवून मुलाला विचारा, इथली सावली कोणत्या रंगाची आहे?

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा जांभळ्याला नेहमी निळाच म्हणतो, आणि झाडाचं खोड कधी हिरवं रंगवतो. लक्ष देत नाही का?
— एक आई, वैशालीनगर

उत्तर : रागावू नका आणि आधी डोळे तपासून घ्या. काही मुलांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ही गोष्ट जन्मापासून असते आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये बरीच जास्त आढळते. जांभळ्यातला लाल दिसला नाही की उरतो तो निळाच, आणि तपकिरी-हिरव्याचा गोंधळही त्यातलाच. नेत्रतज्ज्ञ ठिपक्यांच्या चित्रांतला आकडा ओळखायला लावून काही मिनिटांत सांगतात.

तसं निघालं तरी चित्रकला सोडायची गरज नाही. ट्यूबवर मोठ्या अक्षरात नावं लिहा, पेटीतला क्रम कधी बदलू नका आणि उष्ण-शीतचा अभ्यास निळा आणि पिवळा या जोडीवर करा. ही जोडी अशा मुलांना बहुतेक स्पष्ट दिसते. गडद-फिकं तर त्यांना उत्तम कळतं.

प्रश्न : वर्षभर पडून राहिलेल्या जलरंगाच्या ट्यूब दगड झाल्या आहेत, काहींची झाकणं निघत नाहीत. फेकून द्याव्या का?
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : झाकण न निघणारी ट्यूब डोक्यावर उभी करून झाकणापुरत्या कोमट पाण्यात मिनिटभर धरा. वाळलेला रंग सुटतो आणि कापडाने धरून झाकण फिरतं. पक्कड वापरली तर ट्यूबची मान पिळवटून फाटते. पुढच्या वेळी झाकण लावण्याआधी आटे पुसून घ्या.

आतला रंग वाळला असेल तर ट्यूब मोठ्या माणसाने कात्रीने उभी कापावी. पत्र्याची कड धारदार असते, हे काम मुलांकडे देऊ नका. रंगाचे तुकडे पॅलेटच्या खणात किंवा बाटलीच्या झाकणात ठेवून पाच-सहा थेंब पाणी टाका आणि रात्रभर झाकून ठेवा. जलरंग बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकात बांधलेला असतो, डिंक परत विरघळतो आणि वडीसारखा रंग तयार होतो. बुरशीचा वास येत असेल तर मात्र टाकून द्या. ॲक्रिलिकच्या ट्यूबला ही युक्ती लागू पडत नाही, ते एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही.